पापडी, पाचूबंदर आणि दोन पाहुणे

उमेळ्याच्या वाडीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही. "हात दाखव," म्हणाले. मी तळवे पुढे केले. त्यांनी ते भाजीवालीने दोडका चाचपावा तसे चाचपले आणि म्हणाले, "ओले आहेत. पुसून ये." अंगणातल्या दोरीवर एक पंचा केवळ त्याच कामासाठी असायचा. मी हात पुसून आलो. मग म्हणाले, "आता बोल. फ्लॅटवाला ना?"

वसई रोडच्या नव्या इमारतींतून येणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते फ्लॅटवालेच म्हणत. त्यात राग नव्हता. आम्ही कुठले, कोकणातले की देशावरचे, हे त्यांना लक्षात ठेवायचं नसे, एवढंच. गावात त्यांना भाऊ म्हणत. मी काका म्हणायचो, आणि त्यांच्या पत्नीला काकी.

काका टेलिफोन खात्यातून मुदतीआधीच निवृत्त झाले होते. निवृत्त माणसं वाडीत रमतात, देवळात बसतात. काकांनी बंद पडलेल्या कचेऱ्यांमधून आणि मुंबईच्या जुन्या बाजारातून कॉम्प्युटरच्या जाळ्याची यंत्रं आणायला सुरुवात केली. राऊटर, स्विच, केबलींची भेंडोळी. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नेटवर्किंगची परीक्षा पास झालं की नोकरी लागते, अशी हवा होती. क्लासमध्ये फी भरूनही खऱ्या यंत्राला हात लावायला मिळत नसे, फळ्यावर चौकोन काढून दाखवत. उमेळ्यात एक वेडा माणूस खरी यंत्रं हाताळायला देतो आणि काही घेत नाही, हे मला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. वेडा हा त्याचा शब्द. तेव्हा मीही तो वापरायचो.

यंत्रं होती ती खोली पूर्वी केळीचे घड पिकत घालायची. भिंती धुराने काळ्या, खिडकी जवळजवळ नाहीच, आणि लाकडी मांडण्या. घड जिथे ठेवत तिथेच यंत्रं ओळीने मांडलेली. पिकल्या केळ्याचा वास भिंतींत इतका मुरला होता की अजूनही एखाद्या ऑफिसच्या थंडगार सर्व्हर रूममध्ये शिरलो की मला तो वास येत नाही याचंच आश्चर्य वाटतं.

घरात काका बनियन आणि खाकी अर्ध्या चड्डीवर वावरत. पण अंगण ओलांडून त्या खोलीत जायचं तर आधी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचंसुद्धा बटण लावलेलं. घाम यंत्रात जाता कामा नये, हे कारण. त्यांना शर्टात पाहिलं की कुंपणापलीकडची बाई विचारायची, "भाऊ, कामावर निघाले काय?" काका गंभीरपणे म्हणत, "निघालो. डबा दुपारी पाठव म्हणावं." आणि समोरच्या दारात शिरत.

यंत्रांना नावं होती, आणि ती आसपासच्या गावांची. मुख्य राऊटर दोन. पापडी आणि पाचूबंदर. पापडीचं झाकण एका कोपऱ्यात चेपलेलं, पंखा सतत कण्हायचा. पाचूबंदरला गंज होता. काका म्हणत, बंदराला गंज असणारच. या दोघांना एक जाड केबल जोडत असे, लांबच्या लाइनचं सोंग आणणारी. शिवाय एका बंद झालेल्या कंपनीतून आलेले दोन नवे, सडपातळ, निळसर राऊटर होते. त्यांना काकांनी गावाचं नाव दिलं नाही. ते नुसते पाहुणे.

"राऊटरला सगळं जग माहीत नसतं," काका सांगत. "त्याला शेजारी माहीत असतो. पाचूबंदरचा माणूस उमेळ्याला यायला निघाला, रस्ता ठाऊक नाही. तो काय करतो? पापडीच्या नाक्यावर विचारतो. नाक्यावरची बाई सांगते, पुढे जा आणि तिथे विचार. तिने उमेळं आयुष्यात बघितलेलं नसलं तरी चालतं." मी पुढे मोठाले ग्रंथ वाचले, त्यात याहून वेगळं काही नव्हतं.

दुसरी गोष्ट ते पहिल्याच आठवड्यात सांगत. त्या जाड केबलची दोन टोकं दिसायला सारखी, पण एका टोकाने वेळेचा ताल द्यावा लागतो. तसा हुकूम टाइप केला नाही तर सगळं बरोबर असूनही लाइन उठत नाही. "भजनाला दोघं बसले, दोघं छान गातात. पण टाळ कुणी धरायचा हे ठरलं नाही, तर दोघं एकमेकांकडे बघत बसतील."

शिकवण्याची पद्धत एकच. चोर. तुम्ही यंत्रं जोडून, सगळं चालू करून चहाला बाहेर आलात की काका "आलोच" म्हणून आत जात. एखादी तार ढिली करत, एखादा आकडा बदलत, आणि बाहेर येऊन बशीत चहा ओतत. "चोर येऊन गेला," म्हणत. "बघ काय नेलं." चोर सापडला की सुकेळीचा एक तुकडा मिळायचा. त्यांच्याच वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी, वाळक्या पानात बांधलेली. सापडला नाही तर काकी आतून ओरडायची, "अहो, पोराला घरी जाऊ द्या. चोर उद्या पकडेल." काका म्हणत, "उद्यापर्यंत चोर विरारला पोचेल."

दुपारी लोडशेडिंगमध्ये वीज जायची. इतर ठिकाणी लोक वैतागत, काकांना ते आवडे. अंधाऱ्या खोलीत समोर बसवून माहितीचं पाकीट कुठून निघालं, कुठे विचारलं, कुठे अडलं हे तोंडाने सांगायला लावत. एक जरी नाका गाळला की म्हणत, "गेलं खाडीत. परत निघ."

आणि त्यांचं नाक. घड पिकला की नाही हे लोक केळं दाबून बघतात. काका कधी दाबत नसत. वाकून वास घेत आणि सांगत, "उद्या सकाळी." ते खरं ठरे. "दाबलं की डाग पडतो," म्हणत. परीक्षेला कुणी कधी बसायचं हेही ते असंच ठरवत. चाचणी नाही, गुण नाहीत. एखाद्या संध्याकाळी निघताना म्हणत, "तू बस आता." त्यांनी बस म्हटलेला कुणी नापास झाला नव्हता. ज्यांना ते "अजून नाही" म्हणत ते मुकाट थांबत.

मला वर्षभर "अजून नाही" होतं.

मी तेव्हा फोर्टातल्या एका ऑफिसात कंत्राटावर होतो. टेबलांखाली रांगत केबली ओढायच्या. साहेब म्हणाले होते, सर्टिफिकेट आण, खुर्चीवर बसवतो. माझ्यामागून आलेला एक जण बसलाही. त्यानेच मला डम्प दिला. डम्प म्हणजे खऱ्या परीक्षेत येणारे प्रश्न, उत्तरांसकट, आकृत्यांसकट, झेरॉक्स केलेले. समजून घ्यायची गरज नव्हती, पाठ करायचे. मी जेवणाच्या सुट्टीत पाठ केले, काकांकडे जाणं "ऑफिसात काम आहे" म्हणून टाळलं, आणि परीक्षा पास झालो. गुण इतके चांगले की मलाच कसंतरी झालं.

पेढे घेऊन वाडीत गेलो. काका पपईच्या झाडाखाली उभे होते. मी सांगितलं. ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तुला अजून थोडं लागेल."

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"माझं नाक चुकलं," ते म्हणाले. आणि लगेच खुलले. कुंपणापलीकडच्या बाईला हाक मारून सांगितलं, काकींना सांगितलं, रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या पाववाल्याला थांबवून सांगितलं. "फ्लॅटवाला पास झाला. मी उगाच वर्षभर अडवून ठेवला त्याला." आत जाऊन सुकेळीची अख्खी पुडी आणून माझ्या हातात दिली. तुकडा नाही, पुडी. मी ती घेतली.

नोकरी मिळाली. खुर्ची मिळाली. तरी मी काकांकडे जात राहिलो, कारण एकदम थांबलो असतो तर ते कळून आलं असतं. आणि जात होतो म्हणूनच मला पुढचं बघावं लागलं. काकांनी वास घेणं सोडलं. घडांचा नव्हे, माणसांचा. कुणी विचारलं, बसू का, तर म्हणत, "तुला वाटतंय ना? मग बस. मला हल्ली नीट कळत नाही." पापडी गावातली एक मुलगी यायची, दिवसा एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायची. हुशार, पण सावकाश. काका तिला बाय म्हणत. एरवी त्यांनी तिला आणखी सहा महिने थांबवलं असतं. तिने विचारलं तेव्हा ते घुटमळले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ह्यालाही मी अडवलं होतं. जा, बस." ती बसली आणि नापास झाली. मग यायची बंद झाली. काकी म्हणाली, घरच्यांनी तिला परत फी भरू देणार नाही म्हणून सांगितलंय. मी तिथेच ओट्यावर होतो. चहा पीत होतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वाडी गेली. काकांच्या भावांनी विकायचं ठरवलं, काकांची सही उरली होती, ती त्यांनी भांडण नको म्हणून केली. बिल्डरने तिथेच जवळच्या इमारतीत एक छोटा फ्लॅट दिला. काकींनी स्पष्ट सांगितलं, "खाटेखालची जागा तुमची. बाकी माझी. मला शिलाई मशीन ठेवायचंय." खाटेखाली मावतील एवढीच यंत्रं ठेवता येणार होती. दोन राऊटर, एक स्विच, फार तर केबली.

रविवारी मला बोलावलं. अंगणात केळीची पानं पसरून सगळी यंत्रं त्यांवर मांडली होती. बाजारात जायचे घड निवडतात तशी. एका बाजूला रिकामी पानं, ठेवायच्या यंत्रांसाठी. भंगारवाल्याची हातगाडी कुंपणाशी.

"तू निवड," काका म्हणाले.

"मी कशाला काका, तुम्हीच…"

"मला कुठे परीक्षा द्यायची आहे? तू पास झालायस, पुढची तू देणार. काय लागतं ते आता माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तेव्हा तो शोधत होतो, म्हणून मला आठवतंय.

मला काही माहीत नव्हतं. डम्पातल्या आकृत्यांमध्ये होते तसे दिसणारे दोन राऊटर मी शोधले. पाहुणे. सडपातळ, निळसर, नवे. मी ते उचलून रिकाम्या पानावर ठेवले. पापडीचा पंखा तर बंद असतानाही कण्हतोय असं वाटायचं.

"हे दोन ठेवा," मी म्हणालो.

"पापडी, पाचूबंदर नको?"

"काका, ती फार जुनी झाली. आता कोण वापरतं ते?"

काकांनी एक पाहुणा उचलला, उलटा केला आणि त्याची मागची बाजू बघितली. बराच वेळ बघितली. मग दुसऱ्याची. मग पापडीची. आणि मग ते हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवून. मला वाटलं, वाडी जाण्याचं दुःख आहे, माणूस कसाही वागतो.

"ठीक," ते म्हणाले. "तू सांगितलंस तसं."

पापडी आणि पाचूबंदर हातगाडीवर चढवायला त्यांनी स्वतः हात लावला. दिवसभर गुणगुणत होते. काकींचे डोळे सुजलेले, ती वैतागून म्हणाली, "वाडी चालली आणि तुम्हाला गाणं सुचतंय."

"आता मीही फ्लॅटवाला," काका म्हणाले.

त्यानंतर मी जाणं कमी केलं, मग थांबवलं. कारण सांगायची गरजच उरली नाही. नोकरी बदलली, लग्न झालं, विरारला घर घेतलं. कामावर मी शिकलो ते इतरांना विचारत, चुका करत, कुणाला कळू न देता. चार-पाच वर्षांनी काकींचा फोन आला. "तुझे पाहुणे घेऊन जा रे बाबा. खाटेखाली हात घालता येत नाही. यांना सांगितलं, टाकून द्या, तर म्हणतात, त्याने ठेवायला सांगितलेत, त्याला विचार."

मी गेलो. पाहुणे खाटेखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते, त्या दिवशी मी दिले तसेच. एकदाही चालू केलेले नव्हते. पण खोलीत एक कण्हण्याचा आवाज येत होता. मोरीच्या भिंतीवर फळी ठोकली होती आणि तिच्यावर पापडी आणि पाचूबंदर चालू होते. शिलाई मशीन त्यांच्याखाली आडवं कोंबलेलं.

"हे तर भंगारात गेले होते," मी म्हणालो.

"दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन परत आणले," काकी म्हणाली. "भंगारवाल्याला म्हणाले, पोराने चुकून दिलं. तिथून तसेच पापडीला गेले, त्या बायच्या घरी. तिच्या आईसमोर उभे राहून म्हणाले, चूक हिची नाही, माझी. मी घाईने पाठवली. परत पाठवा हिला. ती या खोलीत शिकली, इथे, मी भाकऱ्या थापत असताना. झाली पास. पुण्याला असते आता."

काका खाटेवर बसले होते. थकले होते, पण शर्ट पूर्ण बाह्यांचा. मी पाहुण्याची मागची बाजू बघितली. इतक्या वर्षांच्या कामानंतर आता मला बघता येत होती. ज्या जाड केबलवर सगळा अभ्यास चालायचा, ती लावायला त्यांना जागाच नव्हती. लांबच्या लाइनचा धडा त्या दोघांवर गिरवताच आला नसता. वर्षभर खरोखर शिकलेल्या, स्वतःच्या जिवावर पास झालेल्या कुणाही माणसाने हे दोन निवडले नसते. मी त्या अंगणात, केळीच्या पानावर, स्वतःच्या हाताने कबुली मांडून ठेवली होती.

"तुम्हाला तेव्हाच कळलं," मी म्हणालो.

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"दाबलं की डाग पडतो," काका म्हणाले. मग म्हणाले, "आणि खरं सांगू, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. माझं नाक शाबूत होतं. मी उगाच इतके महिने त्याला शिव्या घातल्या."

मी म्हणालो, "काका, ती परीक्षा मी…"

"केबल लाव," काका म्हणाले.

"मला सांगायचंय ते ऐका तरी."

"ती काढून ठेवलीय बघ, फळीवर. लाव."

ते मला बोलू देणार नव्हते. त्यांनी ते कधीच ऐकलं नाही, आणि आता ते नाहीत, म्हणून इथे लिहितो आहे. हल्ली मी मुलाखती घेतो. समोरचा मुलगा पाठ केलेलं उत्तर देत असला की मला पहिल्या वाक्यात कळतं. मी त्याला पकडत नाही. पकडायला लागणारा चेहरा माझ्याकडे नाही. फक्त नंतर घरी पाठवताना "अजून नाही" म्हणतो, आणि तो शब्द माझा नाही हे मला माहीत असतं.

मी केबल लावली. फळीवरच्या कॉम्प्युटरवर आकडे भरले. एक टोक पापडीला, एक पाचूबंदरला, सगळं बरोबर. दिवा लागेना. पुन्हा तपासलं. ऑफिसात हे काम करणारी माणसं माझ्या हाताखाली होती, आणि मी त्या मोरीच्या भिंतीशी उभा राहून घामाघूम झालो होतो. काकी चहा ठेवून गेली. काका स्क्रीनकडे बघतही नव्हते. खिडकीबाहेर, जिथे वाडी होती तिथल्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, तिकडे बघत होते. मग त्यांची बोटं खाटेच्या लोखंडी कडेवर हळूहळू वाजायला लागली. टक, टक, टक. भजनाला धरावा तसा ताल.

मी तो हुकूम टाइप केला. दिवा हिरवा झाला.

काकांनी उशाखालून सुकेळीची पुडी काढली. "विकतची आहे," म्हणाले. एक तुकडा घेतला, मधोमध तोडला आणि अर्धा मला दिला.

"अहो, अर्धा काय देता पोराला," काकी म्हणाली.

"टाळ मी धरला," काका म्हणाले, आणि उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

पास झालो त्या दिवशीची अख्खी पुडी मी घरी नेऊन कपाटात ठेवली होती. आईला ती बुरशी धरलेली सापडली, तिने टाकून दिली. हा अर्धा तुकडा मी तिथेच उभ्याने खाल्ला. तोही खरं तर जास्तच होता. मग पाहुण्यांना दोन्ही हातांत धरून जिना उतरलो.